राजाने पुस्तक नाकारलं म्हणून त्याने ६ लाख श्लोक हरणांना वाचून दाखवले आणि जाळून टाकले : पैठणच्या गुणाढ्याची गोष्ट

पुण्यातून पौडमार्गे मुळशीकडे निघालात की एखाद्या गावाच्या शिवेवर शेंदूर फासलेला दगड दिसतो. कुणी त्याला म्हसोबा म्हणतं, कुणी वेताळ. पुणे शहरात तर त्याच्या नावाची अख्खी टेकडीच आहे.

पण बहुतेकांना वेताळ पहिल्यांदा भेटला तो शिवेवर नाही, चांदोबात. स्मशान, रात्रीची वेळ, राजाच्या खांद्यावर प्रेत आणि प्रेतात बसलेला वेताळ. तो गोष्ट सांगतो, शेवटी प्रश्न विचारतो. राजाला उत्तर येत असूनही तो गप्प राहिला तर डोक्याची शंभर शकलं होणार, आणि बोलला तर वेताळ पुन्हा झाडावर. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर विक्रम और बेताल लागायचं, तेव्हा घरोघरी हे वाक्यावाक्याने पाठ होतं.

आता जरा थांबून बघा. या गोष्टीतल्या वेताळाला पक्कं माहीत आहे की आपण गोष्ट सांगतोय. समोर ऐकणारा आहे, त्याला राहवणार नाही, तो बोलणारच, हेही माहीत आहे. म्हणजे ही गोष्ट गोष्टीच्या ताकदीबद्दलच आहे.

हल्ली अशा कथांना सेल्फ-अवेअर परीकथा म्हणतात. २००१ च्या श्रेकमध्ये सुरुवातीलाच तो हिरवा राक्षस परीकथेच्या पुस्तकाचं पान फाडतो आणि संडासात वापरतो. द प्रिन्सेस ब्राइडमध्ये आजोबा आजारी नातवाला गोष्ट वाचून दाखवतात आणि नातू मध्येमध्ये कुरकुर करतो. टेरी प्रॅचेटच्या विचेस अब्रॉड या कादंबरीत तर एक बाई खऱ्या माणसांची आयुष्यं जबरदस्तीने परीकथेच्या साच्यात कोंबत असते. आपण गोष्ट आहोत हे माहीत असलेल्या या गोष्टी. लोकांना त्या प्रचंड आवडतात, आणि हे सगळं आधुनिक, पाश्चात्त्य डोक्यातून आलं असं आपण धरून चालतो.

तर तसं नाहीये. वेताळाची पंचविशी ज्या कथासरित्सागरात येते, त्यातला प्रेत वाहणारा राजा उज्जैनचा नाही. त्याचं नाव त्रिविक्रमसेन, आणि त्याचं राज्य गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानात. प्रतिष्ठान म्हणजे आपलं पैठण. आणि हा कथासरित्सागर आपलं मूळ ज्या हरवलेल्या ग्रंथात सांगतो, त्या बृहत्कथेचा कर्ताही कथेप्रमाणे तिथलाच.

त्याचं नाव गुणाढ्य.

जन्माआधीच लीक झालेली गोष्ट

गुणाढ्याचं चरित्र सांगायचं तर ते त्याच्या जन्मापासून सुरू होत नाही. ते कैलासावर सुरू होतं.

झालं असं की पार्वतीने शंकराकडे हट्ट धरला, कुणी कधीच न ऐकलेली गोष्ट सांगा म्हणून. शंकराने नंदीला दारावर बसवलं, कुणालाही आत सोडू नकोस म्हणून बजावलं आणि विद्याधरांच्या सात सम्राटांची गोष्ट सांगायला घेतली. पण पुष्पदंत नावाचा एक गण योगबळाने अदृश्य होऊन आत शिरला. त्याने सगळी गोष्ट ऐकली आणि घरी जाऊन बायकोला सांगितली. बायको जया ही पार्वतीची सेविका. तिला कुठलं राहवतंय? तिने तीच गोष्ट पार्वतीला ऐकवली.

पार्वती भडकली. नवी म्हणून सांगितलेली गोष्ट घरातल्या सेविकेलाही माहीत! शंकराने ध्यान लावून चोर शोधला. पुष्पदंताला माणसाच्या जन्माला जाण्याचा शाप मिळाला. त्याची बाजू घ्यायला मध्ये पडलेल्या माल्यवान नावाच्या गणालाही तोच शाप.

आता उ:शाप बघा, सगळी मेख तिथेच आहे. पुष्पदंताने विंध्याच्या जंगलात काणभूती नावाच्या पिशाचाला ही गोष्ट सांगायची, की तो सुटला. काणभूतीने ती माल्यवानाला सांगायची, की तो सुटला. आणि माल्यवानाने ती जगभर पोहोचवायची, तेव्हा त्याची सुटका. थोडक्यात, गोष्ट चोरली म्हणून शिक्षा, आणि गोष्ट पुढे सांगितली की माफी.

हा माल्यवान पृथ्वीवर जन्माला आला तो गुणाढ्य म्हणून.

पोरका मुलगा, राजाचा मंत्री

प्रतिष्ठान प्रदेशातल्या सुप्रतिष्ठित नावाच्या नगरात सोमशर्मा नावाचा ब्राह्मण राहायचा. त्याला दोन मुलगे आणि श्रुतार्था नावाची एक मुलगी. आईबाप गेल्यावर दोन्ही भाऊ बहिणीला सांभाळत होते, आणि एक दिवस लक्षात आलं की ती गरोदर आहे. भावांनी एकमेकांवर संशय घेतला. मग तिने सांगून टाकलं की नागराज वासुकीचा पुतण्या कीर्तिसेन याच्याशी तिने गांधर्व विवाह केलाय. त्या पोटी गुणाढ्य जन्मला.

आई आणि मामा लवकर गेले. पोरका गुणाढ्य शिकायला दक्षिणेकडे निघून गेला आणि विद्वान होऊन परतला. नगरात शिरताना त्याला नाना तऱ्हेची माणसं भेटतात. त्यात एक व्यापारी फुशारकी मारत असतो की त्याने एका मेलेल्या उंदराच्या भांडवलावर सगळी संपत्ती उभी केली. मांजरासाठी उंदीर विकून मूठभर हरभरे, हरभरे आणि पाणी देऊन लाकूडतोड्यांकडून लाकडं, आणि पावसात लाकडांचा भाव वाढल्यावर दुकान. आज स्टार्टअपच्या भाषणात सहज खपेल अशी ही गोष्ट त्याच्या चरित्राच्या एका कोपऱ्यात येते.

पुढे गुणाढ्य सातवाहन राजाचा मंत्री झाला. मान, पैसा, शिष्य, सगळं होतं. मग एका शब्दाने सगळं बिघडलं.

मोदकांचा घोटाळा

वसंताचे दिवस होते. राजा राण्यांबरोबर जलक्रीडा करत होता. पाणी अंगावर मारून मारून एक नाजूक राणी दमली आणि तिने संस्कृतात सांगितलं की आता पाणी मारू नका. संस्कृतात नको म्हणजे मा, आणि पाण्याने म्हणजे उदकैः. संधी झाला की मोदकैः. राजाला संधी कळला नाही. त्याने घाईघाईने मोदक मागवले.

राणी हसली. नुसती हसली नाही, पाण्यात मोदकांचं काय काम म्हणून सगळ्यांसमोर तिने राजाला व्याकरण समजावलं. बाकीच्या राण्या आणि दासीही हसल्या. राजा उठला, महालात गेला आणि अंथरूण धरलं. जेवण नाही, बोलणं नाही.

राजाला एकच विचारायचं होतं: संस्कृत शिकायला किती वेळ लागेल? गुणाढ्याने खरं ते सांगितलं. व्याकरणाला एरवी १२ वर्षं लागतात, तो स्वतः शिकवेल तर ६. तेवढ्यात शर्ववर्मा नावाचा दुसरा मंत्री पुढे झाला. त्याने सांगितलं, ६ महिने.

गुणाढ्य चिडला आणि पैज लावून बसला. ६ महिन्यांत राजा संस्कृत शिकला तर गुणाढ्य संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा कायमच्या सोडणार. शर्ववर्मा हरला तर तो १२ वर्षं गुणाढ्याच्या पादुका डोक्यावर वाहणार.

शर्ववर्म्याने कार्तिकेयाची आराधना केली, देवाकडून एक छोटं, सोपं व्याकरण मिळवलं आणि राजाला शिकवून दाखवलं. कथेच्या बाहेरही कातंत्र नावाचं हे व्याकरण खरोखर आहे. काश्मीर, बंगाल ते तिबेट इतक्या दूरवर ते शिकवलं जायचं. पाणिनीच्या मानाने तो क्रॅश कोर्सच. राजा खूश झाला आणि शर्ववर्म्याला भरुकच्छ, म्हणजे आजच्या भडोचचा कारभार मिळाला.

गुणाढ्याला मिळालं मौन.

रक्ताची शाई

ज्याचं सगळं आयुष्य शब्दांवर उभं होतं त्याच्याकडे आता एकही भाषा उरली नव्हती. दोन शिष्य सोबत घेऊन, गुणदेव आणि नंदिदेव, तो विंध्याच्या जंगलात निघून गेला. तिथे पिशाचं आपसात बोलत होती. ऐकून ऐकून तो त्यांची भाषा शिकला. ती पैशाची. त्याने सोडलेल्या तीन भाषांत ती नव्हती, म्हणून शपथ न मोडता ती बोलता येत होती.

तिथेच त्याला काणभूती भेटला. पुष्पदंत त्याला गोष्ट सांगून आधीच मुक्त झाला होता. आता काणभूतीने ती गुणाढ्याला सांगितली. गुणाढ्य ७ वर्षं लिहीत होता. ७ लाख श्लोक झाले. जंगलात शाई नव्हती, म्हणून त्याने स्वतःच्या रक्ताने लिहिलं.

काणभूतीची सुटका झाली. गुणाढ्याची बाकी होती, कारण गोष्ट अजून जगात पोहोचली नव्हती. रसिक राजा म्हणून शिष्यांना सातवाहनच आठवला. ते पोथी घेऊन दरबारात गेले आणि गुणाढ्य नगराबाहेरच्या बागेत थांबला.

काही काळापूर्वी ज्याला मोदक आणि पाणी यांतला फरक कळत नव्हता, तो राजा आता विद्वान झाला होता. त्याने पोथी बघितली. लांबी ७ लाख, भाषा पिशाचांची, अक्षरं रक्ताची. त्याने ती वाचलीसुद्धा नाही. धिक्कार करून परत पाठवली.

हरणांनी ऐकलेली गोष्ट

गुणाढ्य जवळच्या डोंगरावर गेला. अग्निकुंड पेटवलं. एकेक पान हातात घ्यायचं, मोठ्याने वाचायचं आणि आगीत टाकायचं. ऐकायला कोण? जंगलातली हरणं, रानडुकरं, रेडे. ती गोल करून उभी राहिली. चरणं सोडलं. डोळ्यांत पाणी आणून ऐकत राहिली.

शिष्य बघत होते. त्यांना शेवटची, नरवाहनदत्ताची गोष्ट फार आवडायची. तेवढे १ लाख श्लोक गुणाढ्याने त्यांच्यासाठी बाजूला ठेवले. बाकी सहा सम्राटांच्या गोष्टी गेल्या.

इकडे राजवाड्यात राजा आजारी पडला. वैद्यांनी निदान केलं, रोज सुकं, निकस मांस खाल्ल्याने झालंय. स्वयंपाक्यांनी शिकाऱ्यांकडे बोट दाखवलं. शिकाऱ्यांनी सांगितलं की डोंगरावर एक ब्राह्मण पानं वाचून जाळतोय आणि जनावरं चरायचं सोडून तेच ऐकत बसलीत, मग मांसाला रस कुठून येणार?

राजा धावत डोंगरावर गेला. जटा वाढलेला, धुराने माखलेला आपला जुना मंत्री त्याने ओळखला. पण ६ लाख श्लोकांची राख झाली होती. उरलेले १ लाख गुणाढ्याने राजाला दिले, देह ठेवला आणि शापातून सुटला.

आता शेवटचा टप्पा. राजाने दोन्ही शिष्यांना मान दिला, गोष्ट त्यांच्याकडून समजून घेतली आणि मग त्याने स्वतः ग्रंथाला एक प्रास्ताविक रचलं. त्याचं नाव कथापीठ. ही गोष्ट पिशाचांच्या भाषेत पृथ्वीवर कशी आली, ते त्यात सांगितलं. तुम्ही आत्ता वाचलीत ती कैलासापासूनची सगळी हकिगत म्हणजेच ते कथापीठ.

म्हणजे ज्याने पुस्तक नाकारलं, त्यानेच त्या पुस्तकाची प्रस्तावना लिहिली, आणि त्यात आपली फजिती आणि आपली चूक दोन्ही ठेवली.

यातलं खरं किती?

बृहत्कथा नावाचा ग्रंथ होता आणि तो पैशाचीत होता, हे पक्कं. पैशाची ही प्राकृताची एक शाखा. व्याकरणकार तिचे नियम देतात, दंडी बृहत्कथेला भूतभाषेतली म्हणतो. सातव्या शतकातला बाणभट्ट तिची स्तुती करतो. बाराव्या शतकातला गोवर्धनाचार्य गुणाढ्याला थेट वाल्मीकी आणि व्यासांच्या रांगेत बसवतो. कंबोडियातल्या नवव्या शतकातल्या संस्कृत शिलालेखातही त्याचं नाव येतं.

पण मूळ ग्रंथ आज नाही. गोष्टीत सहा भाग जळतात आणि सातवा वाचतो. प्रत्यक्षात सातवाही मूळ भाषेत उरला नाही. उरली ती रूपांतरं: काश्मीरच्या क्षेमेंद्राची बृहत्कथामंजरी, बुधस्वामीचा बृहत्कथाश्लोकसंग्रह, तमिळमधली पेरुंगदै, जैन परंपरेतली वसुदेवहिंडी. आणि सगळ्यात गाजलेला, अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने राणी सूर्यवतीच्या मनोरंजनासाठी रचलेला कथासरित्सागर. १८ लंबक, १२४ तरंग, २१ हजारांहून अधिक श्लोक. १८८९ मध्ये तो मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने छापला. सलमान रश्दींच्या हारून अँड द सी ऑफ स्टोरीज या कादंबरीच्या नावातला गोष्टींचा समुद्रही हाच.

गुणाढ्याच्या जन्मगावावरही वाद आहे. नेपाळमाहात्म्य त्याचा जन्म मथुरेचा सांगतं. आणि बुधस्वामीच्या आवृत्तीत ही कथापीठाची भानगडच नाही, त्यामुळे गुणाढ्याचं हे चरित्र मागाहून जोडलं गेलं असं बरेच अभ्यासक मानतात.

यात एक गंमत महाराष्ट्राची आहे. गोष्टीतला सातवाहन संस्कृतासाठी झुरतो, पण खरे सातवाहन प्राकृतवाले होते. पुणे जिल्ह्यातल्याच जुन्नरजवळच्या नाणेघाटात नागनिका राणीचा लेख आहे, तो प्राकृतात. हाल सातवाहनाच्या नावावरची गाथासप्तशती महाराष्ट्री प्राकृतात. २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, त्यामागच्या दाव्यात याच लेखाचं आणि याच गाथांचं नाव पुन्हा पुन्हा घेतलं गेलं. राजशेखराने तर लिहून ठेवलंय की सातवाहनाने अंतःपुरात प्राकृतच बोलायचा नियम केला होता. म्हणजे खऱ्या महालात तो मोदकांचा घोटाळा झालाच नसता.

मग ही गोष्ट का रचली गेली असेल? ज्या काळात मोठं वाङ्मय म्हणजे संस्कृत असं ठरून गेलं, त्या काळात इतका मोठा ग्रंथ हलक्या समजल्या जाणाऱ्या भाषेत का, हा प्रश्न लोकांना पडणारच. उत्तर म्हणून विद्वानाची पैज आली, सोडलेल्या भाषा आल्या, पिशाचं आली. पण उत्तर देता देता सांगणाऱ्याने दुसरंच काहीतरी सांगून टाकलं. व्याकरण शिकलेल्या राजाला गोष्ट ऐकू आली नाही, आणि कुठलंच व्याकरण नसलेल्या हरणांना ती कळली.

मग अशा गोष्टी आपल्याला का आवडतात?

साधं उत्तर असं की आपण हुशार असल्यासारखं वाटतं. श्रेक राजपुत्रांची टिंगल करतो, आपण हसतो, कारण राजपुत्राची मूळ गोष्ट आपल्याला पाठ असते. मोदकांवर हसणाऱ्या राणीसारखं.

पण नुसत्या टिंगलीवर गोष्ट टिकत नाही. श्रेकही शेवटी प्रेमकथाच होते, आणि प्रिन्सेस ब्राइडमधला कुरकुरणारा नातू शेवटी आजोबांना उद्या पुन्हा येऊन वाचायला सांगतो. गोष्टीने मध्येच वळून आपल्याकडे बघितलं की आपल्याला कळतं, ऐकणारा असल्याशिवाय तिचं काही खरं नाही. म्हणूनच आपण जरा जास्त कान देतो.

गुणाढ्याच्या चरित्रात हे कुठेही उपदेश म्हणून येत नाही, ते घडतं. पुष्पदंत ऐकतो म्हणून गोष्ट कैलासाबाहेर पडते. काणभूती ऐकतो म्हणून ती जंगलात जिवंत राहते. राजा ऐकत नाही म्हणून ६ लाख श्लोक जळतात. दोन शिष्यांना एक भाग आवडतो म्हणून तेवढा उरतो.

वेताळ पंचविशीचा शेवटही असाच आहे. सगळं संपल्यावर वेताळ प्रसन्न होऊन त्रिविक्रमसेनाला वर मागायला सांगतो. पैठणचा हा राजा राज्य मागत नाही, धन मागत नाही. रात्रभर ऐकलेल्या २४ गोष्टी आणि त्यांना जोडणारी ही पंचविसावी, एवढ्या जगभर प्रसिद्ध व्हाव्यात, असा वर तो मागतो.

वेताळाने तो वर दिला.